कर्वेनगरची रेंज : पिस्तूल उचलण्याआधीचा पाऊण तास

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचावं लागणार नाही. या रेंजवरची पिस्तुलं ठीक आहेत, लेन चांगल्या आहेत, चहा वाईट आहे आणि पार्किंग नावाची गोष्ट नाही. पण नेम धरायला उभं करण्याआधी इथे जो पाऊण तास व्यायाम करून घेतात, तसा पुण्यात मला दुसरीकडे कुठे मिळाला नाही. फी भरायची तर त्या पाऊण तासासाठी भरा. पाचपैकी चार तारे. पाचवा कुठे अडला ते पुढे येईलच.

मी खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालो. नोकरी सगळी इन्स्पेक्शनला. दुसऱ्यांनी बनवलेली काडतुसं गेजमध्ये बसतात की नाही, हे बघण्यात आयुष्य गेलं. ढिगांनी मोजली, झाडलं एकही नाही. निवृत्तीनंतर टेकडी झाली, भिशी झाली, नातवाला शाळेत सोडणं झालं, आणि मग भाचीच्या नादाने दहा मीटर एअर पिस्तूल हातात घेतलं. तेव्हा हा अभिप्राय साठी ओलांडलेल्या माणसाचा आहे असं समजून वाचा. उजवा खांदा कुरकुरतो, चष्म्याला दोन नंबर आहेत. सोळा वर्षांच्या मुलाला यातलं निम्मं अनावश्यक वाटेल. वाटू दे. इथल्या सोळा वर्षांच्या मुलांच्या पहिल्या सीरिजचे, म्हणजे पहिल्या दहा शॉटचे, आकडे मी रोज बघतो.

रेंज एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर आहे. लग्नसराईत खाली बँड लागतो आणि वर आपण श्वास लांबवायच्या खटपटीत असतो. भाचीचं म्हणणं, मोठ्या स्पर्धांच्या फायनलला हल्ली गाणी लावतात, लोक ओरडतात, त्याची फुकट सवय होते. असेल. सहा लेन आहेत; दोन इलेक्ट्रॉनिक टार्गेटच्या, बाकीच्या चारवर कागद पुलीने मागेपुढे होतो. नेमबाजीच्या हॉलच्या बाहेर एक लांबट खोली आहे, एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला कोरी पांढरी भिंत. आपला विषय त्या खोलीत घडतो.

ज्या खेळात माणूस जागचा हलत नाही, त्यात वॉर्म-अप कसला, हा प्रश्न आमच्या घरात पहिल्याच आठवड्यात विचारला गेला. "उभं तर राहायचंय, त्यासाठी एवढे हातपाय झाडायचे?" मी उत्तर कागदावर मांडून दिलं, सवय आहे.

टार्गेटच्या मधोमधचं दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचं. पिस्तूल एकाच हातात धरायचं, कशालाही टेकायचं नाही, मनगटाला आधार मिळेल असं काही बांधायचं नाही, त्या हातात घड्याळसुद्धा चालत नाही. रायफलवाल्यांना जाडजूड जॅकेट असतं. पिस्तूलवाला टी-शर्टवर उभा. पिस्तुलाचं वजन किलोच्या आसपास, नियमाने 1,500 ग्रॅमपर्यंत चालतं. ट्रिगर ओढायला लागणारा जोर कमीत कमी 500 ग्रॅमचा. स्पर्धेत 60 शॉट, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर त्यांना 75 मिनिटं. मुलींना पूर्वी 40 असायचे, 2018 पासून त्यांनाही 60 झाले. हे 60 मोजणीतले. साईटर, म्हणजे मोजणीआधीचे सरावाचे शॉट, वेगळे, आणि हात वर नेऊन, नेम न जमल्यामुळे तसाच खाली आणलेले वेगळे. एकेका वेळी एक किलो वजन हात सरळ पसरून आठ-दहा सेकंद धरायचं. ज्याला वाटतं यात कष्ट नाहीत, त्याने घरी एक लिटरची पाण्याची बाटली तशी धरून बघावी.

पण खरी मेख वजनात नाही. नेम धरायला पिस्तुलावर दोन साइट असतात, मागे खाच आणि पुढे खुंटी; त्या दोघींमध्ये अंतर असतं साधारण 320 मिलिमीटर. समजा हात सगळाच्या सगळा, पिस्तुलासकट, पाच मिलिमीटर डावीकडे सरकला. पेलेट, म्हणजे एअर पिस्तुलाची छोटी गोळी, टार्गेटवर पाच मिलिमीटरच डावीकडे लागेल आणि दहा पदरात पडतील. आता हात तिथेच ठेवा आणि मनगट एवढंसं मुडपू द्या, इतकंच की पुढची साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर बाजूला दिसेल. दहा मीटरवर तो एक मिलिमीटर 31 मिलिमीटरचा होतो आणि दहाच्या जागी जेमतेम सात हाती लागतात. म्हणजे हात हलला तर फारसं बिघडत नाही, मनगट हललं तर सगळं बिघडतं. आणि मनगट हलतं ते बहुतेक वेळा तर्जनी ट्रिगर दाबताना बाकीच्या बोटांनाही सोबत ओढते म्हणून. दहाव्या मिनिटाला हे हिशेब सौ.ना पटले नाहीत, ती गोष्ट वेगळी. मला मात्र त्यामुळे या रेंजवरच्या व्यायामाचा क्रम का बरोबर आहे ते कळलं. इथे मोठ्या सांध्यांपासून सुरुवात करून शेवट एका बोटाच्या एका पेरावर होतो.

शिकवणाऱ्या मॅडम फिजिओथेरपी शिकलेल्या आहेत. वयाने माझ्या मुलीएवढ्या. मी मॅडम म्हणतो, त्या काका म्हणतात. आवाज चढवत नाहीत. त्यांचा एकच कायदा आहे : घाम येता कामा नये.

"काका, घाम आलाय का?"

"थोडासा."

"मग बसा. पुढचं तुम्ही बसून बघा."

पहिल्यांदा मला हा अपमान वाटला. कारण आपल्याकडे व्यायाम झाला की नाही, ते बनियन पिळून ठरवतात. पण दमलेला स्नायू थरथरतो, आणि छाती धडधडत असेल तर तो प्रत्येक ठोका पसरलेल्या हाताच्या टोकाला, म्हणजे पुढच्या साइटवर, दिसतो. धावायला जाणाऱ्याने नाडी वाढवून सुरुवात करावी. इथे अंग गरम हवं आणि नाडी खाली हवी, आणि या दोन्ही गोष्टी एका वेळी साधणं हेच या मॅडमचं कसब. फॅक्टरीत थंडीच्या दिवसांत पहिल्या पाळीला लेथ सुरू केलं की लगेच जॉब लावत नसत. स्पिंडल काही वेळ रिकामा फिरू द्यायचा, तेल सगळीकडे पोचू द्यायचं, मग माप धरायचं. तेच इथे चालतं, फक्त यंत्र हाडामांसाचं.

सुरुवात पायांपासून. घोटे गोल फिरवणं, चवड्यांवर उठणं, सावकाश टाचा टेकणं, मग एका पायावर उभं राहणं, आणि तेच डोळे मिटून. डोळे मिटल्यावर कळतं की आपण किती डुलत असतो. पिस्तूलवाल्याचा बूट घोट्याच्या खाली असावा लागतो, त्यामुळे घोट्याला बाहेरून मदत नाही. जे आहे ते आतलंच. मग कंबर, डावीउजवीकडे सावकाश पिळा. मानेला मॅडम जास्त वेळ देतात आणि ते योग्य आहे. आपण टार्गेटला आडवं उभं राहतो आणि मान एकाच बाजूला वळवून तासभर ठेवतो. गरागरा मान फिरवणं इथे बंद आहे. एका बाजूला वळवा, थांबा, मध्ये या, हनुवटी किंचित आत घ्या, दुसऱ्या बाजूला वळवा. एवढंच, पण सावकाश. लांबलचक ताण देऊन धरून ठेवणं, जे आम्हाला शाळेच्या कवायतीत शिकवलं होतं, तेही नाही. मिनिटभराहून जास्त ताणून ठेवलेला स्नायू पुढे काही वेळ कमी जोर देतो, असं त्या सांगतात. हलवत राहा, लटकू नका.

खांद्यासाठी रबरी पट्टे आहेत. कोपर बरगडीला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला उघडायचा, सगळ्यात हलका पट्टा, दोन्ही हातांनी. दोन्ही का, असं एका मुलाने विचारलं, डावा तर खिशातच असतो. मॅडम म्हणाल्या, म्हणूनच. एकाच बाजूने रोज ओझं उचललं तर पाठ त्याप्रमाणे वाकडी व्हायला वेळ लागत नाही. माझ्या कुरकुरत्या खांद्याबद्दल म्हणाल तर दुखणं गेलेलं नाही; पण चौथ्या सीरिजला जो हात जड व्हायचा, तो आता शेवटच्या सीरिजला होतो. यापलीकडे दावा करत नाही.

आता मनगट आणि बोटं. हा भाग बघायला तरी एकदा या. मी बोपोडीहून स्कूटरने येतो. विद्यापीठ चौक, सेनापती बापट रस्ता, लॉ कॉलेज रस्ता, नळ स्टॉप, आणि पुढे कर्वे रस्त्याने खाली. डिसेंबरात सकाळी सहाला पोचेपर्यंत बोटं लाकडासारखी झालेली असतात, हँडलच्या कंपाने तळहाताला मुंग्या. अशा हाताला ट्रिगरवरचे 500 ग्रॅम आणि 700 ग्रॅम यातला फरक कळत नाही. म्हणून आधी हात चोळणं, कोमट पाण्यात बुडवणं (बादली आणि गीझर आहे, तारीफ करावी तेवढी थोडी), मग मुठी उघडमीट. मग बोटांभोवती रबर अडकवून बोटं बाहेर फाकवायची. त्यासाठी कुठलंही दुकानातलं साधन नाही. मेथीच्या जुडीला असतात तसले रबर, बरणीभर. दिवसभर आपण धरतो, पकडतो, आवळतो. उघडण्याचा व्यायाम हाताला कुणी देत नाही. मग हातात लाकडी मुठीची छोटी हातोडी घेऊन मनगट वरखाली, अगदी सावकाश, आणि शेवटी वर नाही खाली नाही, मधोमध कुलूप लावल्यासारखं थांबवायचं.

त्यानंतर येतो तो प्रकार, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. जुन्या पिस्तुलांच्या लाकडी ग्रिप, म्हणजे मुठी, मॅडमनी जमवून ठेवल्यात. नुसत्या ग्रिप, पिस्तूल नाही. ती एक हातात द्यायची. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांनी ती नेहमीच्या दाबाने धरायची, अंगठा नुसता टेकलेला. आता तर्जनी एकटी पुढेमागे करायची, सरळ मागे, शेवटच्या पेराने. बाकीच्या तीन बोटांच्या दाबात काडीचा फरक पडू द्यायचा नाही. ऐकायला काहीच नाही. करून बघा. तर्जनी मागे आली की करंगळी आवळते, प्रत्येकाची आवळते, कारण आपण जन्मभर बोटं एकत्रच मिटलेली असतात. मॅडम समोर बसून फक्त आपल्या करंगळीकडे बघतात. "आवळली." पुन्हा. "आवळली." पुन्हा. एवढा कंटाळवाणा व्यायाम मी आयुष्यात केलेला नाही, आणि पेलेट उजवीकडे-खाली जाण्याची माझी जुनी खोड याच व्यायामाने कमी केली, कोचच्या ओरडण्याने नाही. इन्स्पेक्शनमधल्या माणसाला हे पटतं. दोष टार्गेटवर शोधायचा नसतो, तो जिथे तयार होतो त्या मशीनवर शोधायचा असतो.

डोळ्यांचं प्रकरण मला वयामुळे जास्त जवळचं. नेम धरताना पुढची साइट स्वच्छ दिसली पाहिजे आणि टार्गेट धूसर. नवशिक्याला उलटं हवं असतं. म्हणून अंगठ्याचं नख आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर, जवळ-लांब, जवळ-लांब, असं नजर नेणं-आणणं. मध्ये पापण्या मिटून स्वस्थ. डोळे चोळायचे नाहीत. एक डोळा मिचकावून नेम धरायची सवय असलेल्यांना इथे दुसऱ्या डोळ्यापुढे पांढरी पट्टी लावायला सांगतात, नियमात ती 30 मिलिमीटर रुंद चालते. डोळा मिचकावून ठेवला की गालाचे, कपाळाचे स्नायू उगाच दमतात. साठीच्या लोकांसाठी एक सांगतो, यात रेंजचा संबंध नाही. बायफोकल घालून येऊ नका. पुढची साइट हाताच्या अंतरापलीकडे असते. वाचायचा नंबर तिथे निकामी आणि लांबचा अपुरा. लांबच्या नंबरात साधारण +0.5 ते +0.75 मिळवून नेमबाजीसाठी वेगळी काच करून घेतात. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना पुढच्या साइटचं अंतर टेपने मोजून न्या, नुसतं "पिस्तूल चालवतो" म्हणालात तर ते आधी तुमच्याकडे बघत बसतात.

मग पाच मिनिटं बाकावर बसून श्वास. घेतो त्याच्या दुप्पट वेळ सोडायचा, नाकाने, आवाज न करता. आमच्या बॅचला एक गृहस्थ येतात, बागेतल्या योगवर्गातले, ते याच वेळी कपालभाती सुरू करतात. चांगली आहे कपालभाती, सकाळी घरी करावी. शॉटच्या आधी करून ते जे थरथरत उभे राहतात ते बघवत नाही. मॅडमनी दोनदा सांगितलं, आता सांगत नाहीत.

शेवट पांढऱ्या भिंतीपाशी. इथे पहिल्यांदा पिस्तूल हातात येतं, तेही नळीत भगवी सेफ्टी दोरी आहे की नाही हे बघून, आणि रेंज ऑफिसर खोलीत असतानाच. नंतर हॉलमध्ये लेनच्या मागे कुणी पिस्तूल हातात धरून फिरलेलं चालत नाही, पोराटोरांनाही नाही, कोचलाही नाही. हा कडकपणा मला आवडतो. भिंतीवर काहीही नाही, ठिपकासुद्धा नाही. आधी डोळे मिटून हात वर न्यायचा, डोळे उघडायचे, पिस्तूल जिथे बघतंय तिथे शरीराला बघायचंय असं समजायचं. ते हवं त्या जागेच्या डावीउजवीकडे असेल तर हात ओढून आणायचा नाही, मागचा पाय थोडा सरकवायचा. मग ड्राय फायर. मॅच पिस्तुलांना हवेशिवाय नुसता ट्रिगर चालवायची सोय असते. टार्गेटच नसल्यामुळे दहा मारायचा मोह नाही, डोळा आपसूक साइटवर राहतो, आणि ट्रिगर सुटला त्या क्षणी पुढची साइट उडाली की नाही हे लख्ख दिसतं. पंधरा-वीस वेळा. साइट जागची हलली नाही असे ओळीने काही झाले की मॅडम मान डोलावतात, आणि मगच दार उघडतं. या भिंतीमुळे पहिल्या पेलेटपासूनच हात ओळखीचा वाटतो. पूर्वी मी जिथे जात होतो, तिथे हे सगळं नव्हतं. आलं, पिस्तूल घेतलं, पहिले वीस-पंचवीस पेलेट अंग उलगडण्यात घालवले. पेलेट फुकट येत नाहीत.

आता पाचव्या ताऱ्याकडे.

शनिवारी मॅडम नसतात. त्यांच्या जागी एक सीनियर मुलगा बॅच घेतो. मुलगा गुणी, नेम माझ्यापेक्षा कितीतरी चांगला, पण त्याच्या डोक्यात व्यायाम म्हणजे पोलीस भरती. जोर, बैठका, आणि शेवटी भिंतीला पाठ लावून दोन्ही हातांत डंबेल धरून कोण जास्त वेळ टिकतं याची पैज. पोरं खूश. मग पिस्तूल उचलतात आणि पहिल्या सीरिजला पुढची साइट अशी नाचते की विचारू नका; मधल्या वारी 90 च्या पुढे मारणारी मुलगी शनिवारी 84 वर येते आणि बिचारी समजते, आपलं मन लागलं नाही. मन नाही, दंड थकलाय. ताकदीचा व्यायाम हवाच, पण तो नेमबाजी झाल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी. चालकांना मी हे लिहून दिलं. "बघतो काका" असं उत्तर आलं. पुण्यात या उत्तराचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे.

दुसरं, गर्दी. पॅरिसच्या 2024 च्या ऑलिंपिकनंतर पालकांची रांग लागली. मनू भाकरची दोन कांस्यपदकं, एक एकटीचं आणि एक सरबज्योत सिंगबरोबर, ही पिस्तुलाची. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचं कांस्य 50 मीटर रायफलचं. पण आयांना त्यात फरक नाही, "ते बालेवाडीत शिकलेल्या मुलाचं बघितलं ना, तसं" म्हणून आठ वर्षांचं पोर पिस्तुलाच्या बॅचला आणून उभं करतात. राही सरनोबतने 2018 च्या एशियाडमध्ये 25 मीटर पिस्तुलात सोनं आणलं, तेव्हा एवढी झुंबड कुणाला आठवत नाही. असो. परिणाम असा की लांबट खोलीत आता हात पसरला की शेजाऱ्याला लागतो, आणि ग्रिपचा व्यायाम, जिथे एकेकाच्या करंगळीकडे बघायला हवं, तिथे मॅडम किती करंगळ्या बघणार? सहा लेनच्या रेंजने एका बॅचला दहाच्या वर माणसं घेऊ नयेत, हे माझं मत.

तिसरं किरकोळ, पण डोळ्याशी संबंध आहे म्हणून लिहितो. रबरी पट्टे जुने झालेत, दोनतीनांना चिरा दिसतात. ताणलेला पट्टा तुटून तोंडावर आला तर नेमबाजाचा डोळा म्हणजे त्याचं दुकान. नवे आणा, फार खर्चाची वस्तू नाही. खालची फरशीही गुळगुळीत आहे. पावसाळ्यात ओले पाय घेऊन एका पायावर डोळे मिटून उभं राहणं हे धाडस आहे. मी घरून रबरी पायपुसणं आणतो.

स्पर्धेच्या दिवसासाठी मॅडमनी याच पाऊण तासाची छोटी आवृत्ती एका अर्ध्या पानावर लिहून दिली आहे, आणि ते अर्धं पान मला वर्षाच्या फीपेक्षा मोलाचं वाटतं. कारण स्पर्धेत लेनवर गेल्यावर तयारी आणि साईटर मिळून 15 मिनिटंच असतात. त्यात सामान मांडायचं, पाय लावायचे, ड्राय फायर करायचं, साईटर मारायचे. मान आणि खांदे मोकळे करायला तिथे वेळ नाही, आणि दोन्ही बाजूंना माणसं असताना हात फिरवायला जागाही नाही. म्हणून ते बाहेर, मोकळ्या जागेत, आधी उरकून घ्यायचं. बालेवाडीचं क्रीडासंकुल त्याला उत्तम. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं, आवार ऐसपैस, कुठल्याही झाडाखाली उभं राहा. मी तिथे गेलो तेव्हा झाडाखाली बोटांना भाजीचे रबर लावून उभा होतो आणि एक पालक येऊन विचारून गेले, काका, हे संधिवातासाठी का? त्या पानावर शेवटची ओळ अशी आहे : व्यायाम झाल्यावर अंग थंड होऊ देऊ नका, स्वेटर घाला, आपलं नाव पुकारेपर्यंत काढू नका. पुण्याच्या जानेवारीत ही ओळ सगळ्यात उपयोगी.

चहाचं. रेंजच्या खाली टपरी आहे, अमृततुल्य म्हणवते, नावाला जागत नाही. पण चांगला असता तरी वॉर्म-अपच्या आधी मॅडम घेऊ देत नाहीत. ज्याला रोज सकाळी लागतोच त्याने घरी उठल्या उठल्या घ्यावा, नेहमीएवढाच. रेंजवर येऊन दुसरा कडक कप मारला की हाताला कंप येणारे लोक आहेत, मी त्यातला एक. उपाशीपोटीही यायचं नाही. एक केळं किंवा दोन घास पोहे.

व्यवहाराचं थोडक्यात. सकाळची बॅच सव्वासहाला व्यायामाने सुरू होते, सातला लेन. उशिरा येणाऱ्याला सरळ लेनवर सोडत नाहीत, भिंत तरी करावीच लागते. हेही मला मान्य आहे. व्यायामाचे वेगळे पैसे नाहीत, महिन्याच्या फीत धरलेले. दुसऱ्या रेंजवर सराव करणाऱ्यांना नुसत्या वॉर्म-अपसाठी यायचं असेल तर 1,500 रुपये महिना घेतात, आणि माझ्या मते ज्यांची रेंज जवळ आहे पण तिथे हे नाही, त्यांनी निदान दोन महिने यावं, शिकून घ्यावं, मग घरी करावं. सोमवार ते शुक्रवार या. मेट्रोने येणाऱ्यांनी नळ स्टॉपला उतरून रिक्षा करावी. दुचाकीवाल्यांनी गाडी कार्यालयाच्या दारात लावू नये, लग्न असलं की उचलून बाजूला ठेवतात आणि कुठे ठेवली ते सांगत नाहीत. सैल बाह्यांचा शर्ट, सपाट तळव्यांचे बूट, स्वतःचा टॉवेल. चष्मा असेल तर नेमबाजीचा वेगळा.

आणि एक : पेलेट शिशाचे असतात. हाताळून झाल्यावर, खाली चहा-बिस्किटाला जाण्याआधी हात साबणाने स्वच्छ धुवा, मुलांना तर उभं राहून धुवायला लावा. बेसिनवर साबण असेलच असं नाही. मी खिशात कागदी साबण ठेवतो.